पिवळं फडकं आणि धुतलेले हात

मनुष्याचं पाप कितीही खोल गाडलं तरी एक ना एक दिवस ते वर येतं आणि आपला रंग दाखवतं, हे महान सत्य राजाच्या ज्युबिलीच्या साली इंदापूरच्या आमच्या ख्रिस्ती मंडळीत प्रत्यक्ष प्रयोगानं सिद्ध झालं. रंग लाल निघाला. पहिलं पाप खुद्द पाळकसाहेबांचं निघालं, आणि अख्ख्या मंडळीत निष्पाप असा एकच इसम सापडला. त्याचं नाव महिपती. तो ओढ्याकाठी दारू गाळतो.

त्या रविवारी प्रार्थनामंदिरात पाय ठेवायला जागा नव्हती. एरवी आमच्याकडे जागेचा प्रश्न येत नाही. पाळकसाहेब दत्तोबा प्रवचनाला उभे राहतात तेव्हा पुढच्या सतरंज्या भरलेल्या आणि मागच्या गुंडाळलेल्या असतात. पण त्या दिवशी बाजाराला आलेले माळीसुद्धा भाजीच्या पाट्या अंगणात ठेवून खिडक्यांना लोंबकळत होते.

"मास्तर, तुमच्या देवळात फडकं रगात ओकतंय म्हनं?" खिडकीतल्या एका माळ्यानं मला विचारलं.

"तसं म्हणतात खरं."

"आमचं हात धरलं तर चालंल का? का त्याला बी किरिस्ताव व्हावं लागतंय?"

याचं उत्तर मला ठाऊक नव्हतं. मी मिशनच्या शाळेतला मास्तर. बी.ए. झालो तो तत्त्वज्ञान घेऊन, त्यामुळे कामाला येईल असं फारसं मला येत नाही.

फडकं बंधू कृपाचरण यांचं होतं. हे गृहस्थ कुठल्या मिशनचे, हे कुणालाच नीट माहीत नव्हतं. ते स्वतः सुप्याकडून आलो म्हणत. सुप्याच्या मंडळीला विचारलं तर ती म्हणे, ते बारामतीकडून आले होते. अंगात पायघोळ पांढरा झगा, गळ्यात लाकडी क्रूस, आणि आवाज असा की बोलू लागले की खिडकीची तावदानं त्यांना साथ देत. पाळकसाहेबांनी त्यांना आपल्याच घरात उतरवून घेतलं होतं. पाळकसाहेब भिडस्त. दारात आलेल्या माणसाला "तुम्ही कोण?" असं विचारणं त्यांना असभ्यपणाचं वाटतं.

"हे पापभारानं वाकलेल्या लेकरांनो!" बंधूंनी हात पसरले. "तुम्ही शेजाऱ्याला फसवाल, पाळकाला फसवाल, स्वतःच्या बायकोलाही फसवाल!"

"तिला न्हाई फसवता येत," मागून कुणीतरी पुटपुटलं.

"पण या वस्त्राला फसवता येणार नाही! हे वस्त्र पवित्र भूमीतल्या नदीत भिजलेलं आहे. निष्पापाचा हात लागला तर हे जसंच्या तसं राहील. पाप्याचा हात लागला तर रक्त सांडील! या, पुढं या! मात्र देवासमोर मळके हात घेऊन येऊ नका. घरून स्वच्छ धुऊन आलात ना?"

"आलो!" मंडळी म्हणाली.

मग त्यांनी पितळी तबकात ते ओलसर पिवळं फडकं पसरलं. पहिला मान पाळकसाहेबांचा. बिचाऱ्यांनी डोळे मिटून तळवा टेकवला आणि उचलला. फडक्यावर पाचही बोटं उमटली होती, लाल, कापल्यासारखी.

मंदिरात एकच हाय उमटली. पाळकसाहेब पांढरे पडले. त्यांनी बराच वेळ आठवून पाहिलं असावं, कारण पाप सापडायला त्यांना वेळ लागला.

"मी," ते खाली बघत म्हणाले, "मी दर नाताळला एकच प्रवचन करतो. फक्त सुरुवात बदलतो."

"ते आमास्नी ठावं हाय, पाळकसाहेब," पुढच्या सतरंजीवरून म्हातारा अप्पा दिलासा देत म्हणाला.

कबुली झाल्यावर बंधूंनी तांब्यातलं 'क्षमेचं पाणी' त्या डागावर शिंपडलं. लाल डाग बघता बघता विरला आणि फडकं पुन्हा पिवळं झालं. आता हुंदके फुटले, ते भीतीचे नव्हते. आपलं पाप डोळ्यांनी पाहायला मिळणं आणि लगेच ते गेलेलंही डोळ्यांनी पाहायला मिळणं ही सोय आजवर कुठल्याच धर्मानं इतकी चोख केलेली नव्हती.

त्यानंतर रांगच लागली. बनाबाईनं मिशनच्या बंगल्यात भांडी घासताना साखर खाल्ल्याचं सांगितलं. एकानं नरसिंहपूरच्या जत्रेत गुपचूप नारळ फोडल्याचं कबूल केलं. एका जावेनं दुसऱ्या जावेच्या कोंबडीचं काय झालं ते सांगितलं, आणि दुसरी जाऊ "तरीच!" असं ओरडून उभी राहिली. ज्याचं त्याचं पाप पाहून जो तो रडत होता, आणि रडून झाल्यावर घरी जाऊन बंधूंसाठी कुणी कोंबडी, कुणी अंडी, कुणी जोंधळ्याचं पायलीभर दान घेऊन येत होता. पाळकसाहेबांच्या परसात त्या आठवड्यात बरंच कलकलत होतं.

महिपती आला तो नुसता मजा बघायला. लोकांनीच त्याला ढकललं. याच्या हाताखाली फडकं पेट घेईल अशी सर्वांची खात्री होती. त्यानं तळवा टेकवला. उचलला. फडकं पिवळंधमक. पुन्हा टेकवायला लावला. तरी पिवळंच.

बंधू कृपाचरण क्षणभर गोंधळले, पण पट्टीचे वक्ते होते. "पाहा! ज्याला तुम्ही पतित म्हणत होता, तोच देवाच्या दृष्टीनं निर्मळ!"

महिपतीलाही हे नवीनच होतं. तो आपल्या हाताकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवसापासून तो रस्त्यानं जाताना लोकांना "देव तुमचं भलं करो" म्हणू लागला आणि त्याच्या दारूला गिऱ्हाईक वाढलं.

इथवर हसायला हरकत नाही. मीही हसलो.

पण त्या रांगेत मुक्ताबाई होती.

आमच्या मंडळीत रविवारच्या प्रार्थनेनंतर अंगणातल्या झाडाखाली मोठ्यांचा वर्ग भरतो. दिवसभर उसाच्या फडात नाहीतर दुसऱ्याच्या मळ्यात राबणारी बायामाणसं पाटी घेऊन बसतात, बाराखडी गिरवतात, आणि मग शास्त्रातला एखादा उतारा बोट ठेवून वाचतात. त्या वाचनावर मग बोलणं होतं, बोलण्यावर वाद होतो, वादावर चहा. अप्पा या वर्गात का येतो हे त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं: "वर गेल्यावर पुस्तकात माजं नाव हाय का न्हाय ते माजं मला बघाय यावं. दुसऱ्यानं वाचल्यालं मला पटनार न्हाय."

या वर्गात मुक्ताबाई सर्वांच्या पुढं. तिच्या नवऱ्याचं नाव भीमा; तो कालव्यावर पाणी सोडणारा पाटकरी. ती जोडाक्षराला अडायची, दातांखाली ओठ धरायची, आणि शब्द फुटला की आजूबाजूला असं बघायची की जणू तो तिनंच घडवला. सुगीच्या सणाला मंडळीपुढं उतारा वाचायचा मान तिला द्यायचा, असं पाळकसाहेबांनी ठरवलं होतं. आमच्याकडे बाईनं उभं राहून वाचलेलं आजवर कुणी ऐकलं नव्हतं.

त्या पावसाळ्यात गावात डांग्या खोकला होता. मुक्ताबाईचं तान्हं लेकरू खोकत होतं, पण एका रविवारी सकाळी ते जरा हसलं, म्हणून तिनं ते शेजारच्या कुशाबाईकडे ठेवलं आणि ती वर्गाला आली. आम्ही वाचत होतो. कुशाबाईचा दीर पळत आला. मुक्ताबाई पाटी तशीच टाकून धावली. ती घरी पोचली तेव्हा सगळं झालेलं होतं.

ती काही आठवड्यांनी वर्गाला परत आली. बसायची, वाचायची, बोलायची नाही.

आणि मग हे फडकं आलं.

पहिल्या रविवारी तिचा हात उमटला तो इतरांपेक्षा गडद. तिनं कसलंतरी बारीक पाप सांगितलं, मला वाटतं सासूला उलट बोलल्याचं. पाणी शिंपडलं. डाग फिका झाला, पण गेला नाही. बंधू म्हणाले, "पुढच्या रविवारी ये, बाई. मन स्वच्छ करून ये."

पुढच्या रविवारी ती आली. हात टेकवला आणि उचलला, तेव्हा फडक्यावर डाग नव्हता. फडकंच लाल होतं. बंधूंनी पाणी शिंपडलं. काही झालं नाही. तांब्या रिकामा झाला, तरी डाग तिथंच.

मी बंधूंचा चेहरा पाहिला. हे त्यांच्या हिशेबात नव्हतं. पण गप्प राहणं हे त्यांच्या धंद्यात बसत नाही.

"तू काहीतरी लपवते आहेस," ते म्हणाले.

मुक्ताबाईनं मान हलवली. मग ती इतक्या हळू बोलली की मागच्यांना पुढच्यांकडून ऐकावं लागलं.

"माजं लेकरू गेलं तवा मी हितं वाचाय बसले व्हते."

"आहा!" बंधूंचा आवाज परत आला. "ऐका, भगिनींनो! चुलीजवळची बाई पाटीजवळ गेली! अक्षरांचा मोह! त्या मोहापायी मांडीवरचं लेकरू परक्याच्या मांडीवर गेलं, आणि देवानं ते काढून घेतलं! ती पाटी टाक, बाई, म्हणजे डाग जाईल!"

भीमा उभा राहिला. पाटावरचा दणकट गडी, पण काय करावं ते त्याला कळेना. तो बायकोच्या खांद्याला धरून तिला बाहेर घेऊन गेला. तबकातलं फडकं तसंच लाल राहिलं. बायका एकमेकींकडे बघत होत्या, आणि प्रत्येकीच्या डोळ्यांत तोच हिशेब चालला होता: आपलं कोण आजारी आहे, आणि आपण वर्गाला किती वेळा गेलो.

दुसऱ्या दिवशी मुक्ताबाई शाळेच्या दारात आली. पाटी पदरात गुंडाळलेली.

"सलाम, मास्तर. ही घ्या तुमची पाटी."

"बसा, मुक्ताबाई."

"न्हाई बसत. सनाला वाचाय दुसरं कुनीतरी बघा." तिनं पाटी चौकटीला टेकवली. तेव्हा मला तिचे हात दिसले. तळव्यांची सालं निघाली होती, बोटांच्या पेरांवर चिरा होत्या.

"हे काय झालं हाताला?"

"धुतले."

"कशानं?"

"राखंनं. आनि कशानं धुनार? पयल्या खेपेला डाग गेला न्हाई तवा वाटलं, हात नीट धुतले न्हाईत. म्हनून आठवडाभर घासले. चुलीतली राख, वरनं पापडखार. सभंला निगताना तर लईच घासले." ती हातांकडे बघत म्हणाली. "जितकं घासावं तितका डाग गडद व्हतोय, मास्तर. आतनंच येतंय ते."

ती गेली. मी पाटीकडे बघत बसलो.

तत्त्वज्ञानाच्या पदवीचा एकच फायदा असतो: एखाद्या गोष्टीत अर्थ नाही हे ध्यानात आलं तरी माणूस घाबरत नाही. मी विचार करू लागलो. जितके हात स्वच्छ, तितकं पाप गडद. बनाबाई दिवसभर राखेनं भांडी घासते, तिचं पाप ठळक. पाळकसाहेब दर रविवारी सकाळी साबण फासून दाढी करतात. मंडळीत अंगाला साबण लावणारे ते एकटे, त्यांचं पाप पहिलं. आणि महिपती? महिपतीनं हात धुतले असतील तर ओढ्यात बुचकळून. राख नाही, साबण नाही, पाप नाही.

मी उठून घरात गेलो. सिंधुबाई, म्हणजे आमचं कुटुंब, माहेरी लासुर्ण्याला गेलेल्या होत्या, त्यामुळे विचारणारं कुणी नव्हतं. हळदीचा डबा काढला. जुन्या धोतराचं फडकं हळदीच्या पाण्यात बुडवून पिळलं. हात राखेनं चोळून जरासे विसळले आणि तळवा टेकवला.

मी सुद्धा पापी निघालो. लालभडक.

मग क्षमा शोधायला गेलो. ती फळीवर होती. एक लिंबू कापून त्याचं पाणी शिंपडलं, डाग गेला. पुन्हा राखेनं हात चोळून, भरपूर चोळून, वर सोडा लावून टेकवला. आता तेवढं लिंबू पुरेना. पापाच्या मानानं लिंबू कमी पडलं.

या शोधात अभिमान वाटावा असं काही नव्हतं. लग्नात हळद लागलेले कपडे साबणानं धुताना लाल होतात, हे इंदापूर तालुक्यातल्या प्रत्येक बाईनं पाहिलेलं आहे. आमटीचा डाग पडलेलं धोतर धुताना तर महिन्यातून चार वेळा. पण तीच गोष्ट पितळी तबकात ठेवली, समोर झगेवाला माणूस उभा केला आणि मनात आधीच काहीतरी टोचत असलं, की घरी रोज दिसणारं तिथं दिसेनासं होतं.

मी पाळकसाहेबांकडे गेलो. ते परसात कोंबड्यांना दाणे टाकत होते. सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाले, "मला शंका आली होती, मास्तर."

"मग बोलला का नाहीत?"

"माणसं येत होती हो." त्यांनी मूठ झटकली. "इतक्या वर्षांत कधी आली नाहीत इतकी. म्हटलं, खोट्यासाठी का होईना, देवाच्या दारात येताहेत. एकदा आली की खरं आपण सांगू." ते कोंबड्यांकडे बघत राहिले. "आणि त्या बाईनं ते सांगितलं, तेव्हा मी तिथंच उभा होतो. मला तांब्या हिसकावून घेता आला असता."

"रविवारी तुमचा साबण द्या," मी म्हणालो. त्यापेक्षा मऊ काही मला सुचलं नाही.

रविवारी गर्दी आणखी होती. महिपती पुढच्या सतरंजीवर, कारण निष्पाप माणसाला आता तिथं जागा राखलेली असे. त्याच्या जवळच मुक्ताबाई खाली मान घालून बसली होती. भीमा नको म्हणत होता, तरी ती डाग पुसून घ्यायला आली होती. हात पदराखाली लपवलेले.

बंधूंनी तबक मांडलं, तेव्हा मी उठलो.

"बंधू, एक विनंती. मंडळीत एकच निर्मळ हात आहे. पापी हातांना धीर यावा म्हणून आधी तो पुन्हा एकदा दाखवा."

बंधू खूश झाले. "ये, महिपती!"

"एक मिनिट," मी म्हणालो. "देवासमोर मळके हात नकोत, असं बंधूच म्हणतात. महिपती, आधी हात धुऊन घे." मी पाळकसाहेबांचा साबण आणि बादली पुढं केली.

महिपतीनं साबणाकडे संशयानं पाहिलं. "यानं? वास किती मारतोय!"

"निष्पापाला कशाची भीती?"

लोक हसले. महिपतीनं इभ्रतीखातर हात धुतले. फेस काढला, वरवर विसळले. मग छाती पुढं काढून फडक्यापाशी गेला, तळवा टेकवला, आणि उचलला.

लाल. पाच बोटं, तळव्यावरच्या रेषांसकट.

महिपतीनं आधी फडक्याकडे पाहिलं, मग हाताकडे, मग माझ्याकडे. "आरं! मागल्या खेपेला मी निर्मळ व्हतो! एवढ्या वेळात मी काय पाप केलं?"

"हात धुतलेस," मी म्हणालो.

खिडकीतला माळी पहिल्यांदा हसला. मोठ्यानं. "आरं, ह्ये तर हळदीचं फडकं! माजी बायकू धोतराला साबन लावती तवा असंच व्हतंय की! रोजचं हाय ह्ये!"

"व्हय गं बया!" बनाबाई कपाळावर हात मारून म्हणाली. "आनि मी साखरंचं सांगून बसले!"

बंधू कृपाचरण गरजले, "विद्येचा गर्व! सैतान हल्ली पदव्या घेऊन फिरतो!"

"फिरत असेल," मी म्हणालो. "पण हे तुमचं क्षमेचं पाणी जरा अप्पांना चाखू द्या."

अप्पा तांब्यातलं पाणी ओंजळीत घेऊन प्यायला. त्यानं मिटकी मारली. "आंबाट हाय. लिंबू. मीठ घातलं अस्तं तर सरबत झालं अस्तं."

मी माझं फडकं काढलं, राख काढली, लिंबू काढलं आणि सर्वांसमोर एकदा पापी आणि एकदा पुण्यवान होऊन दाखवलं. मग ज्यांना हौस होती त्यांनीही करून पाहिलं. बायकांनी तर इतक्या वेळा की लिंबं संपली. या गडबडीत बंधू केव्हा निघून गेले ते कुणी पाहिलं नाही. झगा खुंटीवर राहिला. कोंबड्या मात्र त्यांनी नेल्या.

आता सर्वांनी आनंद मानायला हवा होता. तसं झालं नाही. माणसं उदास चेहऱ्यानं बसून राहिली. शेवटी अप्पा म्हणाला, "मास्तर, वंगाळ केलं तुमी. डाग खोटा, म्हंजे माफी बी खोटी. माजं गेल्यालं पाप तुमी परत आनून दिलं."

मी त्यांना एवढंच सांगितलं, आणि वाचणाऱ्यांनाही तेच सांगतो. पश्चात्ताप ज्याचा त्यानं करावा, त्याला माझी ना नाही. ज्याचं नुकसान केलं असेल त्याच्याकडे जावं, त्याची क्षमा मागावी, कोंबडी खाल्ली असेल तर कोंबडी द्यावी. पण कुणी तुमचं मन तबकात मांडून दाखवू लागला तर आधी तबकात काय आहे ते विचारा. त्या पाण्याची चव घ्या. तेच घरी करून बघा. आणि तुमच्या दुःखाचं कारण जो माणूस क्षणात सांगतो, त्याला ते ठाऊक नसतं. त्याला फक्त तुमचं दुःख दिसलेलं असतं.

दुसरी जाऊ तेवढ्यात म्हणाली, "मग माजी कोंबडी?" आणि सभा उठली.

मुक्ताबाई उठली नव्हती. बायका तिच्याभोवती जमल्या. पाळकसाहेब तिच्यासमोर सतरंजीवर बसले.

मी पाटी आणली होती. तिच्यापुढं ठेवली. "मुक्ताबाई, पाहिलंत ना? राखेचा रंग होता तो. दुसरं काही नाही."

"पाह्यलं, मास्तर." तिनं पाटीला हात लावला नाही. "फडकं खोटं हाय. पर मी त्या दिशी हितं व्हते ह्ये तर खरं हाय न्हवं?"

यावर माझ्याजवळ हळद नव्हती, लिंबू नव्हतं.

"मी घरात अस्ते," ती म्हणाली, "तर त्याला उभं धरलं अस्तं. पाठ चोळली अस्ती. परक्याच्या मांडीवर जीव घाबरला आसंल त्याचा. आय जवळ अस्ती तर वाचलं अस्तं."

भीमा दाराशी उभा राहून बाहेर बघत होता.

मग बायकांतून कुशाबाई पुढं आली. ही आमच्या वर्गाला कधी आली नाही. म्हणायची, मला हाय ते काम पुरं हाय. मुक्ताबाईचं लेकरू गेलं तेव्हापासून दोघींचं बोलणं नव्हतं. ती मुक्ताबाईशेजारी टेकली आणि तिचे सोललेले हात आपल्या हातात घेतले.

"मुक्ते, उभं धरलं व्हतं त्याला. पाठ बी चोळली व्हती. माजं समजून केलं सारं."

"व्हय, आक्का. तुला मी कुटं काय म्हनतीया?"

"म्हन. न्हाईतर नगं म्हनू. पर ह्ये ऐक." कुशाबाईचा आवाज रोजच्यासारखाच होता, पाणी भरायला जायचं सांगावं तसा. "तुजं गेलं त्याच्या म्होरल्या आठवड्यात माजं गेलं. त्योच खोकला. मी कुटं गेले न्हवते. माज्याच मांडीवर व्हतं."